खांद्याने उघडायचं दार

"खोली रिकामी आहे की नाही, तेवढं सांग," मेल्वा म्हणाली. सूपची पळी अजून तिच्या हातातच होती.

"आहे."

"मग अडचण काय?"

"अडचण काही नाही. इथे नको, एवढंच."

"इथे नको म्हणे! माझ्या आईची सख्खी बहीण आहे ती, एर्विन. तुझ्या आईला मी नऊ वर्षं सांभाळलं. शेवटची दोन वर्षं हाताने भरवलं. तेव्हा मी म्हटलं का, इथे नको?"

"आईचं वेगळं होतं."

"वेगळं होतंच. तिला दोन तोंडं होती, हुल्डा टांटेला एकच आहे."

आई माझीही होती, पण मेल्वाचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी सूपच्या वाडग्यात बघत राहिले. एर्विन ब्रेडला लोणी लावत होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. त्याला घाईत लोणी लावताना मी कधी पाहिलेलं नाही.

"हॉस्पिटलवाल्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय," मेल्वा म्हणाली. "एकटी राहू शकत नाही ती. आपण घेतलं नाही तर शहरातल्या वृद्धाश्रमात पाठवतील. तिथे शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची बोलीसुद्धा समजायची नाही. आश्रमाचे कागद माझ्या पर्समध्ये आहेत. सही मी करू? का तू करतोस, तुझ्याच दाराने पाडलं तिला म्हणून?"

लोणी लावणारी सुरी थांबली.

"दार उघडतं, हे माणसाला सांगावं लागतं का?" एर्विन म्हणाला.

"आपल्या गावात लागतं. ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

तो उठला आणि मागच्या भट्टीकडे निघून गेला. सूप तसंच राहिलं. मेल्वाने ते परत पातेल्यात ओतलं, आणि मग माझ्यावर घसरली, "तू का गप्प बसलीस गं, लॉइस? तुझा भाऊ आहे ना?"

मी गप्प बसले होते त्याला कारण होतं. पण ते मी तिला सांगू शकत नव्हते.

एर्विन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. माझा नवरा गेल्यापासून मी त्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. आमचे वडील लिंडेनफेल्डचे लोहार. घोडे संपले, ट्रॅक्टर आले, वडील म्हणाले आता या भट्टीत काही राम नाही. पण एर्विनने तेराव्या वर्षी भट्टीसाठी शाळा सोडली ती सोडलीच. पवनचक्क्या दुरुस्त करणं, मेंढ्यांच्या वाड्यांची फाटकं, दारूच्या तळघरांच्या बिजागऱ्या, जे येईल ते त्याने केलं. बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. त्याची माया निराळ्या वाटेने बाहेर यायची. आईच्या स्वयंपाकघरातला एक खण नेहमी अडकायचा. एकदा त्याने तो कोणाला न सांगता नीट केला आणि दोन दिवस दाराशी घुटमळत राहिला. आईने खण ओढला, तो अलगद बाहेर आला, आई "अरेच्चा!" म्हणाली. एर्विन लाल लाल झाला आणि पळाला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. लग्न झाल्यावर मेल्वाच्या ओव्हनच्या झाकणाचं तेच. माझ्या सायकलच्या ब्रेकचं तेच. काम करायचं, सांगायचं नाही, आणि दुसऱ्याने आपलं आपण शोधून काढायची वाट बघत बसायचं. त्याचं सगळं सुख त्या वाट बघण्यात असायचं. मेल्वा म्हणते, "हा माणूस मेला तरी आपण होऊन सांगणार नाही. आपल्यालाच शोधावं लागेल."

आता चर्चच्या दाराचं.

आमच्या पणजोबांच्या पिढीने ते बसवलं. रेड गमच्या, म्हणजे तांबड्या निलगिरीच्या फळ्या, माणसाच्या हाताएवढ्या लांब पट्टीच्या बिजागऱ्या, दगडात शिसं ओतून बसवलेल्या लोखंडी खुंट्या. सव्वाशे वर्षांत खुंट्या झिजल्या आणि दार खाली आलं. त्याने खालच्या फरशीवर कमानीसारखा पांढरा ओरखडा काढला होता. ते उघडायची एक पद्धत होती. कडी डावीकडे फिरवायची, दोन्ही हातांनी दार वर उचलायचं, आणि उजवा खांदा मधल्या आडव्या फळीखाली लावून सगळ्या अंगाने रेटा द्यायचा. आमच्याकडे हे मुलांना बायबलच्या आधी येतं. नवे पाद्री आले, तेव्हा पहिल्या रविवारी ते वीस मिनिटं बाहेर दार ढकलत होते, आणि गावातले वडीलधारे बाप्ये टोप्या हातात घेऊन झाडाखाली उभे राहून बघत होते. कोणी पुढे झालं नाही. शेवटी हुल्डा टांटे आली, पाद्रीबुवांना बाजूला केलं आणि खांदा दिला. "या आत," म्हणाली, "आता तुम्ही आमचे."

टांटे म्हणजे आमच्या बोलीत मावशी. मेल्वाची ती खरी मावशी, बाकी गावाची मानलेली. दर शनिवारी सूर्य मावळताना चर्चची घंटा वाजवून रविवार आत घ्यायचा, ही आमची जुनी रीत. ते काम तिच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर ते तिने कोणाला विचारून घेतलं नाही, नुसतं पुढे चालू ठेवलं. एकेचाळीस वर्षं. गावातल्या बायका घंटा ऐकून चुलीवरचं उतरवायच्या, मुलांना आंघोळीला घालायच्या.

चर्चची इमारत सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत आहे. दाराचं लोखंड बदलायचं ठरलं तेव्हा अट अशी आली, की नवं लोखंड जुन्यासारखंच हवं, हाताने घडवलेलं, आणि जुनं लेबल लावून पेटीत जपून ठेवायचं. त्या वेळी गावाला एकदम आठवलं की आपल्याकडे एक लोहार आहे. त्या सभेत हुल्डा टांटे उभी राहिली.

"दाराला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "ज्यांना उघडता येत नाही, त्यांनी शिकावं."

"टांटे, दार पडेल एक दिवस कोणाच्या तरी अंगावर," एर्विन म्हणाला. सभेत तो बोलला, हेच आम्हाला नवल.

"तुझ्या बापाने नाही हात लावला त्याला. तुझ्या बापाला अक्कल होती."

लोक हसले. एर्विन खाली बसला. त्याचे कान तापलेले मला मागच्या बाकावरून दिसले.

मग चार महिने तो भट्टीत होता. जुन्या पट्ट्यांचा कागदावर ठसा घेतला, प्रत्येक खिळ्याचं डोकं मोजलं. एक बिजागरी करून झाली आणि वजनात जुन्यापेक्षा हलकी भरली, म्हणून त्याने ती मोडून पुन्हा घडवली. कुलपाची पेटी जुनीच ठेवली, आतली खिटी आणि स्प्रिंग नवी घातली. कडी मात्र जुनीच. तिला एकशे पंचवीस वर्षांच्या हातांनी घासून गुळगुळीत केलं होतं, तशी कडी मला घडवता यायची नाही, असं तो म्हणाला. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चौघांनी उचलून दार नव्या खुंट्यांवर चढवलं. शुक्रवारी त्याने पाद्रीबुवांना दाखवलं, टांटेच्या शेजारच्या क्लॅरी ऑब्स्टला दाखवलं, क्लॅरीच्या बायकोला, गेर्डाला दाखवलं. एका बोटाने ढकललं की दार कसलाही आवाज न करता पूर्ण उघडायचं. क्लॅरीने पाच वेळा उघडझाप केली आणि म्हणाला, "एर्विन, आता चर्चला न येण्याची एकही सबब उरली नाही की रे!"

हुल्डा टांटेचं घर चर्चच्या मागेच आहे. तिला त्याने दाखवलं नाही.

शनिवारी मेल्वा भाचीच्या लग्नाच्या तयारीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. मी मागच्या ओट्यावर काकड्या धूत होते, बरणीत घालायच्या. एर्विन पायरीवर येऊन बसला. पाय धुतलेले, शर्ट स्वच्छ. सूर्य टेकडीवर टेकला तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. त्याच्या तोंडावर बारा वर्षांच्या मुलाचं ते हसू होतं. मी ओळखलं. पण त्यात या वेळी आणखी काही होतं, ते काही चांगलं नव्हतं.

सूर्य गेला. घंटा झाली नाही.

"अजून वाजली नाही रे," मी म्हटलं.

"वाजेल."

मी बरणीत शेपू आणि द्राक्षाची पानं घातली. त्याने पुन्हा घड्याळ बघितलं.

"जाऊन बघतोस का रे?"

"रुसलीय," तो म्हणाला. "दार बघितलं असेल, आणि आता मुद्दाम वाजवत नाही. माझ्या दारातून आत जाऊन घंटा वाजवायची नाही म्हणून. बसू दे तिला. कितीही वेळ बसू दे."

मला ते पटलं. हे मी कबूल करते. टांटेचा स्वभाव तसा होताच. मी बरणीत मीठपाणी ओतलं, वर बशी ठेवली, बशीवर दगड ठेवला. एर्विन बसून राहिला. अंधारू लागलं तेव्हा गेर्डा ऑब्स्ट ओरडत रस्त्याने आली.

टांटेने नेहमीप्रमाणे कडी फिरवली होती, दार उचललं होतं आणि खांद्याने सगळ्या अंगाचा रेटा दिला होता. दाराने काहीच विरोध केला नाही. आतली फरशी एक पायरी खाली आहे. ती ब्याऐंशी वर्षांची बाई दगडावर जाऊन आपटली, आणि खुब्याचं हाड मोडलं.

लोक म्हणाले, नशीब. पाद्रीबुवा म्हणाले, देवाची इच्छा. मेल्वा एवढंच म्हणाली, की एर्विनने तिला सांगायला हवं होतं. घंटा न वाजल्याचं गावात सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं होतं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आम्ही आपसातसुद्धा त्याबद्दल बोललो नाही. एर्विनने भट्टी पेटवणं बंद केलं. क्लॅरी दर शनिवारी घंटा वाजवू लागला, एका सुरात नाही, गळ्यातल्या घंटेसकट गाय धावत सुटल्यासारखी. ती वाजायला लागली की एर्विन पंप दुरुस्त करायच्या निमित्ताने विहिरीकडे जायचा. आणि आता मेल्वाला टांटेला पुढच्या खोलीत आणायचं होतं, जिथे रोज सकाळी उठून त्याला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

सूप परत ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी टांटेचे धुतलेले झगे हॉस्पिटलात पोचवायचे होते. मेल्वाला दुकानातून सुट्टी नव्हती. एर्विनने गाडी काढली, मी शेजारी बसले. अर्धा तास आम्ही द्राक्षमळ्यांमधून गेलो. तो फक्त एकदा बोलला, "या ओळींना पाणी कमी पडतंय."

टांटे खिडकीजवळ होती. लहान झाली होती, पण डोळे तेच. "झगे आणलेस? निळा कुठाय?" ती मला म्हणाली. "निळा नाही आणलास. मेल्वाला सांगितलं होतं मी. एर्विन, उभा काय राहतोस खांबासारखा? टोपी काढ."

त्याने टोपी काढली. खुर्ची होती, पण तो बसला नाही.

"टांटे," तो म्हणाला, "त्या शनिवारी घंटा वाजली नाही, ते मला लगेच कळलं होतं."

मी झग्यांच्या घड्या पुन्हा घालायला लागले.

"सूर्य मावळल्या मावळल्या कळलं. मी पायरीवर बसलो होतो. मला वाटलं, तुम्ही रुसलात. म्हणून मी उठलो नाही. पस्तीस मिनिटं बसलो." मग म्हणाला, "आणि दाराचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुमची फजिती बघायची होती. नवं दार बघून तुमचं तोंड कसं होतं, ते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या रेडिओवर घोड्यांच्या शर्यती चालू होत्या.

"दाराचं मला माहीत होतं," टांटे म्हणाली. "गेर्डाने शुक्रवारीच कुंपणावरून सांगितलं. एका बोटाने उघडतं म्हणे. कानांना माहीत होतं रे. खांद्याला कोण सांगणार? तो एकेचाळीस वर्षं तेच करतोय. मी रस्त्याने जाताना उद्याच्या भजनांचा विचार करत होते, खांद्याने आपलं आपलं काम केलं."

एर्विनने मान वर केली. मला वाटलं, आता त्याला सुटल्यासारखं वाटेल. पण टांटेचं संपलं नव्हतं.

"शुक्रवारी मी केक केला होता," ती म्हणाली. "लोणी-साखरेचा चुरा वर घालून, तुला आवडतो तो. म्हटलं, सभेत मी जरा जास्तच बोलले याच्या बापावरून. हा येईल दार दाखवायला, मग बघेन, चांगलं झालंय म्हणेन आणि केक देईन. चारला तुझी गाडी दारावरून गेली. तू हात केलास. थांबला नाहीस."

"नाही थांबलो."

"आणि पडल्यावर मी आधी हाका मारल्या. मग म्हटलं, हाका कशाला, शनिवार आहे, घंटा नाही झाली तर कोणाच्या तरी लक्षात येईल. मग म्हटलं, कोणाच्या कशाला? एर्विन तर कान लावून बसलाच असेल. आज त्याच्या दाराचा दिवस आहे. तो आत्ता येईल." तिने पांघरुणाची कड सरळ केली. "तेवढ्यावर मी पडून राहिले बघ. दुखत होतं, पण म्हटलं, येतोच आहे तो."

एर्विनच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. मला त्याच्याकडे बघवेना. पस्तीस मिनिटं मीही तिथेच होते आणि काकड्यांवर दगड ठेवत होते, हे मी तेव्हा टांटेला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"जुन्या बिजागऱ्या परत लावतो," एर्विन म्हणाला. "पेटीत आहेत. एका दिवसाचं काम आहे."

"कोणासाठी?" टांटे चिडली. "मी आता खांदा देणार आहे का? का क्लॅरीच्या नातवंडांची हाडं मोडायची आहेत तुला? काम चांगलं केलंयस. गेर्डा म्हणाली, क्लॅरी म्हणाला, पाद्रीही येऊन म्हणून गेला. कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं तुझ्याबद्दल आहे."

"हो."

"हो काय? मी काय म्हटलं ते कळलं का?"

"कळलं."

"मेल्वा मला तुमच्याकडे नेते म्हणतेय. तुला नकोय, हेही मला कळलंय. मला काय, मी त्या आश्रमातही जाईन, तिथे दारं आपोआप उघडतात म्हणे. पण तुझ्या घरी आले तर मी गप्प राहणार नाही. हे सांगून ठेवते. आजारी बाई म्हणून गोड बोलणार नाही. मनात येईल त्या दिवशी तो शनिवार काढेन. जेवताना काढेन, पाहुण्यांसमोर काढेन. तुला झेपणार नाही ते. तुझ्या बापालाही नसतं झेपलं."

नर्स गोळ्या घेऊन आली आणि वेळ संपली म्हणाली. निघताना टांटेने गालसुद्धा पुढे केला नाही. मी वाकून तिच्या केसांवर ओठ टेकवले. एर्विन खाटेच्या पायथ्याशी उभा होता, दोन्ही हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर, जसा तो ऐरणीपाशी उभा राहतो तसा. मग तो मान हलवून बाहेर पडला.

येताना त्याने गाडी चर्चपाशी थांबवली. उतरला नाही. दार बंद होतं, नव्या पट्ट्या काळ्याभोर दिसत होत्या. सुंदर काम आहे ते, आयुष्यातलं सगळ्यात सुंदर. पुढची शंभर वर्षं गाव त्या दारातून आत जाईल. तो ते बघत होता की नाही, मला सांगता येत नाही. इंजिन चालूच होतं. मग एकदम गियर टाकला आणि घरी आलो.

मेल्वाने टेबल मांडलं होतं आणि आमच्या आधी तिचीच सुरुवात झाली. "निळा झगा इथेच राहिला बघ. ओरडली असेल. आणि हे कागद. मी आज दुपारी वाचले सगळे. दर महिन्याला एकदाच भेटायला जाता येईल इतका लांब आहे तो आश्रम. मी सही करणार नाही, एर्विन. तुझ्या हाताने कर आणि तूच पोस्टात टाक. लॉइस, तू साक्षीला आहेस."

एर्विनने हात धुतले, नेहमीसारखे, कोपरापर्यंत. पुसले. आपल्या जागेवर बसला. कागद उचलले, सरळ केले आणि न वाचता तिच्या बशीशेजारी परत ठेवले.

"त्या शनिवारी मी पाऊण तास घरी बसून राहिलो होतो," तो म्हणाला. "घंटा वाजली नाही हे माहीत असून. तिला आज सांगितलं. आता तुला सांगतोय."

मेल्वाचा हात ब्रेडच्या टोपलीवरच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून तिला उरलेलं समजलं. पस्तीसचे पाऊण कसे झाले, ते मी विचारलं नाही.

"गुरुवारी हुल्डा टांटे इथे येणार," एर्विन म्हणाला. "पुढच्या खोलीत राहणार. आणायला मी जाणार. ती मला बोलेल. रोज बोलेल, जेवताना बोलेल, लोकांसमोर बोलेल. मी ऐकून घेणार. तुम्ही दोघींनी मध्ये पडायचं नाही."